कोल्हापुरात बसून ट्रेडमार्क, सायबर आणि खेळाचा कायदा: काम आहे का?

पंचगंगाकाठ | ५ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

मी वकील आहे. सात वर्षं मुंबईत फोर्टमधल्या एका फर्ममध्ये ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचं काम केलं. आता घरी परतायचं मनात आहे. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं तिथे आली. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

बाबा इथलेच दिवाणी वकील. चाळीस वर्षं वाटप, वहिवाटीचा रस्ता, कूळकायदा. त्या कामाबद्दल मला आदर आहे, पण मला ते करायचं नाही. आम्ही तिघं आहोत. एकाने पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांचे करार केलेत. दुसरा कबड्डी खेळायचा, गुडघा गेल्यावर एलएलबी केलं. तिघांनी मिळून तीनच विषय करायचे असा विचार आहे: नाव-चिन्हं आणि भौगोलिक मानांकन, संगणक-माहितीचे कायदे, आणि खेळ.

मुंबईतले सहकारी म्हणतात, तिथे हे काम कुठलं? माझं मत उलट आहे. काम भरपूर आहे, पण त्याला कुणी वकिलाचं काम म्हणत नाही. हळदीच्या पाकिटाची नक्कल झाली की माणूस म्हणतो "नशीब". कामगार ड्रॉइंग घेऊन पळाला की "विश्वासघात". तालमीतल्या पोरावर बंदी आली की "वरचं राजकारण". वकिलाकडे यायचं त्याला सुचतच नाही.

तुमच्यापैकी कुणाला अशी वेळ आली होती का? कुणाकडे गेलात, काय झालं, पैसे किती गेले, सगळं सांगा.

हळदपेठ | ५ जानेवारी, रात्री ११.०५

माझाच अनुभव सांगतो. आमचं सांगलीत हळद आणि मसाल्याचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. चार वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात एकाने आमच्याच नावात एक वेलांटी बदलून पाकिटं काढली. रंग तोच, हळकुंडाचं चित्र तेच. गिऱ्हाईक पाकीट घेऊन भांडायला आमच्याकडे यायचं, "या वेळची हळद कडू लागली" म्हणून.

आधी मुंबईच्या फर्मकडे गेलो. माणसं हुशार होती, पण सगळा कारभार मेलवर. "तुमचा पूर्वीपासूनचा वापर सिद्ध करणारी कागदपत्रं पाठवा." मी जीएसटीची बिलं पाठवली, २०१७ नंतरची. ते म्हणाले, समोरचा २०१६ पासून विकतो म्हणतोय, याच्या आधीचं काय आहे? मी म्हटलं काही नाही.

मग ओळखीतून इथला एक तरुण वकील मिळाला. तो घरी आला. आईशी बोलत बसला. आईने सहज सांगितलं की "पूर्वी ह्यांनी दुकानाची दिनदर्शिका काढली होती." माळ्यावरच्या ट्रंकेतून १९९४ ची दिनदर्शिका निघाली. वर दुकानाचं नाव, खाली पाकिटाचं चित्र, खिळ्याच्या भोकाभोवती गंजाचा तपकिरी डाग, आणि मार्चच्या पानावर आईच्या अक्षरात दुधाचा हिशेब. त्याच ट्रंकेत पोत्यावर नाव मारायचा पत्र्याचा साचा होता. जिल्हा न्यायालयात ते सगळं हजर केलं आणि मनाई मिळाली, म्हणजे समोरच्याला ते नाव वापरायला बंदी.

पंचगंगाकाठ ताई, त्या वकिलाला मुंबईवाल्यांपेक्षा कायदा जास्त येत होता असं मी म्हणणार नाही. पण तो आईशी बोलला. तुम्ही या.

निशाणी_पाच | ६ जानेवारी, सकाळी ७.१५

हळदपेठ, दुधाचा हिशेब ही त्या पुराव्यातली सर्वांत भक्कम गोष्ट. दिनदर्शिका मागाहून छापून आणता येते, तीस वर्षं जुनं बाईमाणसाचं अक्षर कुठून आणणार?

मी जिल्हा न्यायालयात पस्तीस वर्षं वकिली केली. टोपणनाव कशावरून ते इथल्या वकिलांना कळलंच असेल. बाकीच्यांसाठी: मनाईचा अर्ज दाव्यात बहुतेक निशाणी ५ वर असतो, आणि ट्रेडमार्कच्या भांडणात खरी लढाई तिथेच होते. निशाणी ५ जिंकली की समोरचा तडजोडीला येतो.

लोकांना वाटतं हे दावे मुंबईलाच चालतात. तसं नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १३४: दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही, पण वादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कॉपीराइटलाही कलम ६२ खाली हीच सोय आहे. छोट्या धंदेवाल्याला दूर धावायला लागू नये म्हणून ती ठेवली. मोठ्या कंपन्या तिचा उलटा फायदा घ्यायला लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये संजय दालिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला: मुख्य कार्यालय जिथे आहे तिथेच दाव्याचं कारण घडलं असेल तर दावा तिथेच लावा, लांबची शाखा दाखवून समोरच्याला फरफटवू नका.

शिवाय २०१८ पासून तीन लाखांवरचे असे वाद व्यावसायिक न्यायालयात जातात. तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी मध्यस्थी करावी लागते, आणि २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर ती टाळता येत नाही. हे न पाहता दावा लावलेले आणि परत आलेले आमच्याच बारमधले लोक मी पाहिलेत. म्हणून या मुलीने यावं असं मला मनापासून वाटतं.

चहा_कटिंग | ६ जानेवारी, सकाळी ८.०२

ताई, आमच्या गल्लीत "मूळ", "जुने", "अस्सल जुने" आणि "मूळ अस्सल जुने" अशी मिसळीची चार दुकानं आहेत. चौघे सख्खे चुलतभाऊ. तुमचं ऑफिस त्यांच्या जोरावर पाच वर्षं चालेल. 😄

अर्ज_भरतो | ६ जानेवारी, सकाळी १०.३०

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण हिशेब मांडा. मी कर सल्लागार आहे, सोबत ट्रेडमार्कचे अर्जही करून देतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकाराला, ४,५०० रुपये. त्यावर मी दोन हजार घेतो. तरी गिऱ्हाईक म्हणतं, मोबाईलवर हजारात होतंय. इंटरनेटवरच्या कंपन्यांनी दर पार खाली आणलेत. आता याच कामाचे तुम्ही पंधरा हजार मागितले तर कोण देईल? कोल्हापूरचा माणूस मटणाला हजार देईल, सल्ल्याला शंभर देणार नाही.

पंचगंगाकाठ | ६ जानेवारी, दुपारी १.२०

अर्ज_भरतो, दराबद्दल तुमचं बरोबर आहे. अर्ज भरून देण्यावर पोट चालणार नाही, हे मलाही कळतंय. पण अर्ज भरला की काम संपलं असं धरणाऱ्यांचीच प्रकरणं माझ्याकडे मुंबईत यायची.

एक सांगते. मिसळीचं हॉटेल. मोबाईलवरून हजारात अर्ज केला, तोही वर्ग ३० मध्ये. त्या वर्गात मसाला येतो, चहा येतो, पाव येतो. हॉटेलची सेवा येते वर्ग ४३ मध्ये. म्हणजे नोंदणी झाली ती त्यांनी कधीच न विकलेल्या मसाल्याच्या पाकिटाची, आणि ज्या पाटीखाली लोक रांग लावतात ती पाटी उघडीच राहिली. त्यात तपासणी अहवालाला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अहवालाचा मेल आला तो अर्ज भरणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावर, तिथे कुणी पाहिला नाही आणि अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं. मालकाला हे दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याने त्याच नावाने दुकान काढल्यावर.

आणखी एक. नोंदणी कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये चिन्ह प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. म्हणजे दर आठवड्याला जर्नल वाचणारं कुणीतरी आपल्या भागात हवं. मला ते काम आवडतं.

भट्टीवाला | ६ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

आमची शिरोलीत फाउंड्री आहे, पंप आणि व्हॉल्व्हचं कास्टिंग. तुमचं ते "विश्वासघात" वाक्य वाचून काळजात चर्र झालं.

नऊ वर्षं आमच्याकडे असलेला डिझाइनचा मुलगा गेला. मुलासारखा होता. जाताना सगळी ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन गेला. पॅटर्नची मापं, आकसण्याचं प्रमाण, साच्यात कुठे राइझर (जादा रसाची जागा) ठेवायचा, आमची वीस वर्षांची अक्कल त्यात होती. सहा महिन्यांत आमचं एक मोठं गिऱ्हाईक दुसरीकडून तोच माल घ्यायला लागलं. पोलीस म्हणाले, ड्रॉइंग तर तुमच्याकडेच आहेत, मग चोरी काय झाली? वकील म्हणाले, करार दाखवा. करार नव्हताच. नेमणुकीचं पत्रसुद्धा नव्हतं. आमच्यात तोंडी चालतं.

मला दोनच प्रश्न. एक, आता काही होऊ शकतं का? दोन, उरलेल्या बारा जणांचं काय करू? मुंबईच्या एका फर्मने चाळीस पानांचा इंग्रजी करार पाठवलाय. तो पोरांपुढे ठेवला तर उद्या सगळे सोडून जातील.

पंचगंगाकाठ | ६ जानेवारी, रात्री १०.१०

भट्टीवाला काका, वाचून वाईट वाटलं. पूर्ण सल्ला कागद पाहिल्याशिवाय देणार नाही, पण थोडं सांगते.

आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही. आधार म्हणजे करार, विश्वासाने दिलेली माहिती, आणि ड्रॉइंगवरचा कॉपीराइट. त्यात एक गुंता आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी वस्तू नोंदवली नाही आणि ती पन्नासहून जास्त वेळा बनवली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ खाली त्या डिझाइनवरचा हक्क जातो. एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचाच ऊहापोह केला, आणि तो वादही यंत्राच्या ड्रॉइंगवरूनच होता. वस्तूत कलाकृती किती आणि उपयोग किती, हे आधी तपासा असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे तुमची वाट बंद नाही, पण सरळही नाही.

तो मुलगा ज्या संगणकावर बसायचा तो बाजूला ठेवा. फॉरमॅट करू नका, दुसऱ्याला देऊ नका. पेनड्राइव्ह कधी लागला, कुठली फाइल कधी उघडली, याच्या खुणा त्यात असू शकतात.

बारा जणांसाठी चाळीस पानं कशाला? दोन पानं, मराठीत, आणि सही घेण्याआधी एकेकाला वाचून दाखवायची. मराठी करार कोर्टात चालतो.

निशाणी_पाच | ७ जानेवारी, सकाळी ६.५०

संगणकाच्या पुराव्यावरून आठवलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच, हा देशभर वापरला जाणारा निकाल आपल्या जालन्यातून गेलाय. २०१४ ची विधानसभा निवडणूक, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद. उमेदवारी अर्ज वेळेत दिले की नाही हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र सक्तीचं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं, त्यात फाइलचा हॅशही (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावा लागतो. बारमध्ये अजून निम्मे लोक व्हॉट्सअॅपच्या झेरॉक्स लावतात आणि वर "खरी नक्कल" म्हणून सही करतात. तंत्रज्ञानाचा कायदा हा कसलातरी मोठ्या शहरातला विषय आहे असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. घटस्फोटाच्या आणि चेकच्या प्रकरणातही आता तो लागतो.

सूत्रधार | ७ जानेवारी, सकाळी ९.००

सदस्यांना विनंती: धाग्यावर कुठल्या वकिलाचं किंवा फर्मचं नाव सुचवू नये, तक्रारही नाव घेऊन करू नये. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. आपल्यामुळे कुणी अडचणीत यायला नको. तीन प्रतिसाद काढले आहेत.

अथणी_रोड | ७ जानेवारी, दुपारी ३.३०

आमच्या घरात चार पिढ्या चप्पल बनवतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने आमच्यासारखी चप्पल दाखवली, तेव्हा मोबाईल वाजायचा थांबत नव्हता. पत्रकार यायचे, फोटो काढायचे. आता कोणी येत नाही.

मला त्या वेळी एक समजलं नव्हतं, ते इथे विचारतो. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि जुलैत ती फेटाळली. आम्हाला वाटलं, म्हणजे आमचा हक्क नाही. खरं काय?

पंचगंगाकाठ | ७ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

अथणी_रोड दादा, हक्क आहे, आणि तो तुमच्यापर्यंत पोचवणं हेच मला करायचंय.

कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींचं मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. नोंदणी दोन महामंडळांच्या नावे आहे, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर. याचिका तिसऱ्याच माणसांनी केली होती. न्यायालयाचं म्हणणं असं की नोंदणीधारक स्वतः दाद मागू शकतो, मग जनहित याचिका कशासाठी? चप्पल तुमची नाही असं न्यायालय कुठेच म्हणालं नाही.

मधला दुवा आहे "अधिकृत वापरकर्ता". कारागीर स्वतःची तशी नोंद करून घेऊ शकतो. ती झाली की मानांकनाची खूण वापरता येते आणि नक्कल करणाऱ्यावर दावाही लावता येतो. नोंदणीचं कार्यालय चेन्नईला, फॉर्म इंग्रजीत. काम किचकट नाही, पण कुणीतरी घरोघर जाऊन कागद गोळा करायला हवेत. मुंबईच्या फर्मला दोनशे कारागिरांच्या दारात जाणं परवडणार नाही. मला परवडेल, कारण मी इथेच राहणार आहे.

तुम्ही अधिकृत वापरकर्ते आहात का?

अथणी_रोड | ७ जानेवारी, संध्याकाळी ७.४०

नाही. आमच्या गल्लीत कोणीच नाही. असं काही असतं हे आज कळलं.

मांडवीकाठ | ८ जानेवारी, सकाळी ११.२०

गोव्याहून लिहितो. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळालं. कागद आला म्हणजे सगळं झालं असं तेव्हा आम्हालाही वाटलं होतं. मानांकन म्हणजे कुंपण घातलं. राखण रोज करावी लागते. ताईचा बेत चांगला आहे.

पेठेतला_दहा_नंबर | ८ जानेवारी, रात्री ९.००

खेळाचं कोणी बोलंना म्हणून मी बोलतो. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. शाहू स्टेडियमला फायनल असली की अर्धं कोल्हापूर बंद. पण खेळाडूचं काय? बाहेरनं पोरगं आणायचं, राहायला खोली, महिन्याचं ठरलेलं पैसं, सगळं तोंडी. मोसमात पाय मोडला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? मंडळ म्हणतंय खेळाडूनं, खेळाडू म्हणतंय मंडळानं. मागच्या साली असंच झालं, शेवटी वर्गणी काढली. एक पानाचा कागद असता तर पोरगं रडलं नसतं.

ताई, वकिलानं पेठेत यावं लागंल पण. आम्ही ऑफिसात येणारी माणसं न्हाई.

छकडेवाला_विटा | ९ जानेवारी, सकाळी ६.३०

खेळाच्या कायद्यात बैलगाडा शर्यत धरता का नाही? मे २०१४ मध्ये बंदी आली, २०१७ ला राज्याने कायदा केला, तो अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम केला. आमच्या दावणीला सात वर्षं खोंड नुसते उभे होते. वडिलांनी एक विकला त्या दिवशी जेवले नाहीत.

आता प्रत्येक मैदानाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची डॉक्टरी तपासणी, अनामत, अटींची यादी. कागद चुकला की आयोजकावर गुन्हा. गावातली पोरं उत्साहाने मैदान घेतात आणि कोर्टात खेटे घालतात. यात्रेच्या आधी एक दिवस बसून कागद नीट करून देणारा माणूस मिळाला तर आमची मंडळं पैसे देतील. देणारच.

पाटी_पेन | ९ जानेवारी, दुपारी १२.१०

सगळे नव्या विषयांच्या प्रेमात आहेत, म्हणून एक विरोधी सूर. मी सोलापूरला वकील आहे. मीसुद्धा दहा वर्षांपूर्वी "फक्त सायबर" अशी पाटी लावली होती. वर्षात चार प्रकरणं आली. फसवणूक झालेला माणूस आधीच लुटला गेलेला असतो, तो फी कुठून देणार? भरपाईसाठी आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या आयटी सचिवांपुढे अर्ज करता येतो, पण त्यासाठी मुंबई गाठा. शेवटी घरभाडं भागवलं ते अपघात-भरपाईच्या दाव्यांनी. मला त्याची लाज वाटत नाही.

आणि सर्किट बेंचमुळे सगळं कोल्हापुरात आलं असंही नाही. जिल्हा न्यायालयाच्या हुकमावरची अपिलं तिथे येतील, ठीक. ट्रेडमार्क रजिस्ट्रारच्या हुकमावरचं अपील मात्र मुंबईलाच, कारण नोंदणी कार्यालय तिथे आहे. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून ही कामं उच्च न्यायालयाकडे गेली आहेत. खेळाचं तर ऑगस्ट २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाकडे जायचं ठरलंय. मग तुम्ही इथे बसून करणार काय?

पंचगंगाकाठ | ९ जानेवारी, रात्री ९.३०

पाटी_पेन, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मुंबईबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. रजिस्ट्रारसमोरच्या सुनावण्या बऱ्याच ऑनलाइन होतात, तिथे मी इथून उभी राहू शकते. उच्च न्यायालयाच्या अपिलासाठी जुन्या सहकाऱ्यांची मदत घेणार, आणि ते गिऱ्हाईकाला आधीच सांगणार.

सायबरबद्दल मात्र मी फसवणुकीच्या प्रकरणांवर विसंबलेली नाही. माझ्या मित्राची नजर पतसंस्थांवर आहे.

डेटा_देशमुख | १० जानेवारी, सकाळी ८.४५

पतसंस्था! कुणीतरी बोललं एकदाचं. मी पुण्यात माहिती-सुरक्षेचं काम करतो, मूळचा इचलकरंजीचा. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. लोकांना वाटतं हे मोठ्या कंपन्यांसाठी आहे. पण आपल्याकडे सहकारी बँका, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने, दवाखाने, शाळा, सगळ्यांकडे सभासदांची आधार कार्डं, अंगठे, जमिनीचे उतारे आहेत.

माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगतो. एका पतसंस्थेत कर्जाच्या अर्जाची रद्दी विकली होती. मी समोरच्या गाड्यावर भेळ घेतली, तर पुडीच्या कागदावर एका बाईंचा फोटो, आधार क्रमांक आणि पगार. पुडी सोडून तो कागद आत नेऊन दिला. मॅनेजर घाबरला, पण पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्याला मराठीत समजावणारा माणूस पाहिजे. पुण्या-मुंबईचे सल्लागार ऐंशी स्लाइड इंग्रजीत दाखवतात आणि जातात.

संस्थांकडून वर्षाची ठरलेली रक्कम घ्या. घरभाडं त्यातून निघेल.

चहा_कटिंग | १० जानेवारी, सकाळी ९.१०

देशमुख, ती भेळ खाल्ली का नाही?

डेटा_देशमुख | १० जानेवारी, सकाळी ९.२५

खाल्ली. कागद बदलून घेतला.

तालीम_गंगावेस_जवळ | १२ जानेवारी, रात्री १०.५०

चार दिवस लिहू का नको करत होतो. मी पोरांना कुस्ती शिकवतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका पोराची स्पर्धेनंतर उत्तेजक द्रव्यांसाठी लघवीची तपासणी झाली. शेतकऱ्याचं पोर, एकोणीस वर्षांचं, अंगात ताकद आणि मनानं साधं. दोन महिन्यांनी बंदी असलेलं द्रव्य सापडल्याचा मेल आला, इंग्रजीत. त्याने तो आठ दिवस उघडलाच नाही, कारण मेलचं खातं सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेलं. मग माझ्याकडे आणला. मी ओळखीच्या वकिलांकडे नेला. भला माणूस, पण म्हणाले, "नोटीस आहे, उत्तराला मुदत मागू, घाबरू नका." मुदत मागितली. पोराने काही मुद्दाम घेतलं नव्हतं. दुकानातून प्रोटीनची पावडर आणली होती, डबा पण फेकून दिला होता. चार वर्षांची बंदी लागली.

नंतर दिल्लीच्या एका वकिलाकडून कळलं की आरोप मान्य करून शिक्षा स्वीकारायची असेल तर वीस दिवसांत करावी लागते, त्याने एक वर्ष कमी झालं असतं. तो डबा ठेवला असता, तर त्यातच भेसळ होती का हे तपासता आलं असतं. वीस दिवस आम्ही मुदत मागण्यात घालवले. पोरगं आता उसाच्या ट्रॅक्टरवर असतं. लाल माती बघितली की मान खाली घालतं.

वर कोणीतरी विचारलंय की इथे बसून काय करणार. हे करा.

निशाणी_पाच | १३ जानेवारी, सकाळी ७.००

वस्ताद, मी त्या वकिलाच्या जागी असतो तर मीही मुदतच मागितली असती. दिवाणी वकिलाचा हात तिकडेच जातो. आमच्याकडे मुदत मागितली की नुकसान होत नाही, हे आम्ही गृहीत धरलेलं असतं. तुमच्या पोराच्या बाबतीत तेच अंगाशी आलं.

पंचगंगाकाठ | १३ जानेवारी, रात्री ८.२०

वस्ताद, काय लिहू कळत नाही. तुमचा प्रतिसाद आमच्या कबड्डीवाल्या मित्राला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, तालमींत जाऊन सांगायला आजपासून सुरुवात करू, ऑफिस नंतर बघू. प्रत्येक डब्याचं बिल आणि बॅच नंबर जपायचा. औषध घ्यावंच लागत असेल तर आधी उपचारासाठीची सूट मागायची. मेल रोज उघडायचा. एवढं मराठीत एका पानावर छापतोय. दम्याचा फवारा वापरणाऱ्या पोरांनाही हे माहीत नसतं.

हळदपेठ | १५ जानेवारी, दुपारी २.३०

मूळ प्रश्न पैशांचा होता, त्यावर कोणी नीट बोललं नाही. मी सांगतो. मला दाव्याचा एकूण खर्च लाखाच्या आत आला. जास्त वाटला का? हो. पण त्याआधी दोन वर्षं जे गिऱ्हाईक तुटलं ते लाखाचं नव्हतं. आता मी त्याच वकिलाला दरवर्षी ठरलेली रक्कम देतो, तो जर्नल बघतो. शेजारच्या सहा व्यापाऱ्यांनीही सुरू केलंय. सुरुवातीला कोणी देणार नाही. एकाचं नुकसान वाचलं की बाजार बोलतो.

अर्ज_भरतो | १५ जानेवारी, संध्याकाळी ५.४५

माझं मत थोडं बदललंय. हॉटेलचं वर्ग ४३ चं वाचून मी माझ्या जुन्या फाइली काढल्या. दोन अर्ज चुकीच्या वर्गात सापडले. नवे करून देतोय, माझ्या खर्चाने. ताई, हरकतीची आणि सुनावणीची कामं मी तुमच्याकडे पाठवीन.

तालीम_गंगावेस_जवळ | २४ जानेवारी, सकाळी ६.१०

ताई, दुसऱ्या तालमीतलं एक पोरगं आहे. काल रात्री बापाला घेऊन आलं. तोच मेल. ११ तारखेला आलाय. डबा अजून घरात आहे, अर्धा भरलेला. तुमचं ऑफिस उघडलं नसंल अजून, माहीत आहे.

पंचगंगाकाठ | २४ जानेवारी, सकाळी ६.२२

तेरा दिवस गेलेत, सात उरलेत. व्यक्तिगत निरोपात नंबर दिलाय, आत्ता फोन करा. डब्याला हात लावू नका, झाकण उघडू नका, फक्त फोटो काढा. दुकानाचं बिल शोधायला सांगा. मेलचा स्क्रीनशॉट नको, मूळ मेल पुढे पाठवा. आम्ही दोघं नऊपर्यंत तालमीत पोचतो.